बरगड्यांना प्लेट बसवायची की वाट पाहायची? आयसीयूमधल्या रुग्णाबाबतचा निर्णय

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मुलीच्या त्रेसष्ट वर्षांच्या वडिलांच्या दुचाकीला टेम्पोने बाजूने धडक दिली. डाव्या बाजूच्या तिसरीपासून नववीपर्यंतच्या सात बरगड्या मोडल्या असून त्यांतल्या चार बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या आहेत. छातीत साठलेले रक्त आणि हवा बाहेर काढण्यासाठी नळी घातली आहे. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये काही दोष नाही. दुसऱ्या दिवशी रात्री धाप वाढली म्हणून त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावे लागले आणि आज अपघाताला तीन दिवस झाले आहेत. शल्यचिकित्सक म्हणतात, प्लेट बसवून बरगड्या स्थिर कराव्यात. आयसीयूचे डॉक्टर म्हणतात, बरगड्या आपोआप जुळतात, फुप्फुस सुधारेपर्यंत थांबावे. घरच्यांनी कोणाचे ऐकावे?

अतिदक्षता विभागात छातीला मार लागलेल्या रुग्णांची काळजी घेण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हा वाद मी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून दोन्ही बाजूंनी केलेला आहे. म्हणून माझे मत सुरुवातीलाच सांगतो. तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण एकाचे लक्ष मोडलेल्या हाडांकडे आहे आणि दुसऱ्याचे त्यामागच्या फुप्फुसाकडे. प्लेट हाड सांधते, फुप्फुस बरे करत नाही. त्यामुळे सगळा निर्णय एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहतो: तुमचे वडील आज व्हेंटिलेटरवर नेमके कशामुळे आहेत? छातीची भिंत ढिली पडल्यामुळे असतील, तर शस्त्रक्रियेने व्हेंटिलेटरचे दिवस कमी होण्याची चांगली शक्यता आहे. फुप्फुसाला बसलेल्या मुक्या मारामुळे असतील, तर प्लेट कितीही सुबक बसली तरी व्हेंटिलेटरची नळी लवकर निघणार नाही.

माणूस मिनिटाला साधारण पंधरा श्वास घेतो, म्हणजे दिवसाला वीस हजारांहून अधिक. मोडलेल्या हाताला आपण प्लास्टर घालून निश्चल ठेवतो. बरगडीला ती विश्रांती कधीच मिळत नाही. एखाददुसरी बरगडी मोडली तर शेजारच्या बरगड्या आणि मधले स्नायू तिला धरून ठेवतात आणि ती दीड महिन्यात सांधते. परंतु लागोपाठच्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, की छातीच्या भिंतीचा तेवढा तुकडा उरलेल्या पिंजऱ्यापासून सुटा होतो. श्वास आत घेताना सगळी छाती वर येते आणि हा तुकडा आत दबतो. श्वास सोडताना छाती खाली बसते आणि तो बाहेर फुगतो. यालाच फ्लेल चेस्ट म्हणतात. तुमच्या वडिलांच्या चार बरगड्या दोन ठिकाणी मोडल्या आहेत असे तुम्ही लिहिले आहे. त्या लागोपाठच्या असतील, तर ते या व्याख्येत बसतात.

ही उलटी हालचाल पहिल्या दिवशी दिसेलच असे नाही. वेदनेमुळे स्नायू आखडलेले असतात आणि ते त्या तुकड्याला काही तास आवळून धरतात. मग रुग्ण थकतो, स्नायू सैल पडतात आणि रात्री उशिरा धाप वाढते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत दुसऱ्या रात्री जे घडले त्याचा हा एक संभाव्य अर्थ आहे. व्हेंटिलेटर लावल्यावर ही हालचाल पुन्हा लपते, कारण यंत्र हवा आतून दाबाने ढकलते आणि श्वास सोडल्यावरही फुप्फुसात थोडा दाब राखून ठेवते, त्यामुळे सुटा तुकडा आतून आधार मिळाल्यासारखा बाहेर तोलून राहतो. यंत्रावर रुग्णाची छाती छान हलताना पाहून भिंत ठीक आहे असे समजणे ही नेहमी होणारी चूक आहे.

दुसरी इजा फुप्फुसाची. सात बरगड्या मोडण्याइतका धक्का बरगड्यांवरच थांबत नाही. फुप्फुसाच्या नाजूक पिशव्यांमध्ये रक्त आणि पाणी झिरपते, तेवढा भाग ऑक्सिजन घेण्याच्या कामातून बाद होतो. आपण त्याला फुप्फुसाला बसलेला मुका मार म्हणू. हा मार पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाढत जातो आणि पुढे साधारण आठवडाभरात ओसरू लागतो. अपघातानंतर लगेच काढलेल्या एक्स-रेमध्ये तो दिसेलच असे नाही. सीटी स्कॅनमध्ये तो ढगाळ, पांढुरक्या पट्ट्यांसारखा दिसतो. २००१ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात फुप्फुसांचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग असा दुखावलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के जणांना पुढे दोन्ही फुप्फुसे निकामी होऊ लागण्याचा गंभीर विकार झाला, तर त्याहून कमी भाग दुखावलेल्यांमध्ये हे प्रमाण वीस-बावीस टक्क्यांच्या आसपास होते. म्हणून सीटी स्कॅनचा अहवाल हातात आला की मी बरगड्या मोजण्याआधी फुप्फुसाचे चित्र पाहतो.

या दोन इजांची गल्लत वैद्यकशास्त्रानेही पुष्कळ काळ केली आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात सुटा तुकडा बाहेरून धरून ठेवण्यावर भर होता. छातीवर वाळूच्या पिशव्या ठेवत, बरगडीला चिमटे अडकवून वजनाने ओढून धरत. १९५६ साली एव्हरी, मॉर्च आणि बेन्सन यांनी व्हेंटिलेटरच्या दाबानेच छाती आतून स्थिर करावी अशी पद्धत मांडली आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे फ्लेल चेस्ट दिसली की रुग्णाला यंत्रावर ठेवण्याची रीत पडली. तीन-तीन आठवडे यंत्रावर राहिलेले रुग्ण बरगड्यांपेक्षा न्यूमोनियानेच अधिक दगावत. १९७५ साली ट्रिंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की खरा त्रास दुखावलेल्या फुप्फुसाचा असतो आणि वेदना नीट आटोक्यात ठेवली, सलाइनचा मारा टाळला, कफ काढत राहिले, तर यातल्या अनेकांना व्हेंटिलेटर लागतच नाही. आज आपण ज्याला शस्त्रक्रियेविना उपचार म्हणतो, त्याचा पाया तिथे आहे. तुमच्या आयसीयूच्या डॉक्टरांचा सावधपणा याच शिकवणुकीतून आलेला आहे आणि तो अनाठायी नाही.

शस्त्रक्रिया पुन्हा पुढे आली ती २००२ साली जपानमधल्या तनाका यांच्या अभ्यासानंतर. फ्लेल चेस्ट असलेले आणि पाच दिवस व्हेंटिलेटरवर राहूनही न सुटलेले ३७ रुग्ण त्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. शस्त्रक्रिया झालेल्या गटाला सरासरी अकरा दिवस व्हेंटिलेटर लागला, दुसऱ्या गटाला अठरा दिवस. न्यूमोनियाचे प्रमाण पहिल्या गटात २४ टक्के होते, दुसऱ्यात ७७ टक्के. सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या १८ जणांपैकी ११ जण पूर्णवेळ कामावर परतले होते. दुसऱ्या गटातल्या १९ पैकी केवळ एक जण. फरक डोळ्यांत भरणारा आहे, पण ३७ ही संख्या लहान आहे हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २०१३ साली मेलबर्नमध्ये मारास्को आणि सहकाऱ्यांनी व्हेंटिलेटरवरच्याच ४६ रुग्णांवर असा अभ्यास केला. शस्त्रक्रिया झालेल्यांचा आयसीयूमधला मुक्काम कमी झाला आणि गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याची वेळ ३९ टक्के रुग्णांवर आली, शस्त्रक्रिया न झालेल्यांमध्ये ती ७० टक्क्यांवर आली. मात्र तीन महिन्यांनी फुप्फुसाची क्षमता तपासली तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले.

त्यानंतरचा मोठा अभ्यास कॅनडा आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांनी मिळून केला आणि तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात छातीची भिंत अस्थिर झालेले २०७ रुग्ण होते. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले व्हेंटिलेटरविना गेलेले दिवस मोजले, तेव्हा शस्त्रक्रियेच्या गटात सरासरी २२.७ आणि दुसऱ्या गटात २०.६ दिवस भरले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. शस्त्रक्रियेच्या गटात एकही मृत्यू झाला नाही, दुसऱ्या गटात सहा झाले. मला या अभ्यासातली सर्वांत उपयोगी वाटणारी गोष्ट अशी की सहभागी होताना जे रुग्ण आधीच व्हेंटिलेटरवर होते, त्यांच्यात शस्त्रक्रियेचा फायदा दिसला; जे स्वतःच्या श्वासावर होते, त्यांच्यात तो दिसला नाही. मेलबर्नच्याच गटाने व्हेंटिलेटरवर नसलेल्या १२४ रुग्णांचा वेगळा अभ्यास केला आणि तोही २०२२ मध्येच आला. तीन महिन्यांनी वेदनेत आणि एकूण जगण्याच्या प्रतीत शस्त्रक्रियेने सुधारणा आढळली नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात २०२० साली बरगड्या सरकलेल्या, पण फ्लेल चेस्ट नसलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेने दोन आठवड्यांनी वेदना कमी असल्याचे दिसले होते. यावरून मी माझ्यापुरता असा निष्कर्ष काढतो: रुग्ण बसून बोलतो आहे, खोकतो आहे, तर घाईने प्लेट बसवण्यास माझा पाठिंबा नसतो, पण भिंत ढिली असल्यामुळे रुग्ण यंत्राला अडकला आहे अशी खात्री झाली, तर मी स्वतःहून शल्यचिकित्सकांना बोलावतो.

ती खात्री करायची कशी, हे सविस्तर सांगायला हवे, कारण निर्णय तिथेच होतो. आम्ही रोज सकाळी रुग्णाची झोपेची औषधे कमी करतो आणि व्हेंटिलेटरचा आधार अर्धा तास अगदी थोडा ठेवून त्याला स्वतः श्वास घेऊ देतो. त्या अर्ध्या तासात मी मॉनिटरकडे कमी आणि उघड्या छातीकडे अधिक पाहतो. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून, डोळे छातीच्या पातळीवर आणून पाहिले की दोन्ही बाजूंतला फरक कळतो. मग तळहात मोडलेल्या बाजूवर हलका ठेवायचा. भिंत अस्थिर असेल तर प्रत्येक श्वासाला हाताखालचा भाग आत जातो आणि हाडाची टोके एकमेकांवर घासल्याची बारीक करकर तळहाताला जाणवते. हे दिसत असताना रक्तातला ऑक्सिजन कमी आधारावरही चांगला राहत असेल, एक्स-रेमध्ये फुप्फुस बऱ्यापैकी काळे म्हणजे हवेने भरलेले दिसत असेल आणि तरीही रुग्ण दहा मिनिटांत घामाघूम होऊन भराभर उथळ श्वास घेऊ लागत असेल, तर दोष भिंतीचा आहे. याउलट भिंत फारशी हलत नाही, पण यंत्रावर साठ-सत्तर टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तातली पातळी जेमतेम राहते आणि एक्स-रे पांढरा आहे, तर दोष फुप्फुसाचा आहे. अशा वेळी थांबणेच योग्य. शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला कुशीवर वळवावे लागते, दोन-तीन तास भूल द्यावी लागते आणि दुखावलेले फुप्फुस हा ताण सोसत नाही. जर्मन शल्यचिकित्सकांनी १९९८ सालीच नोंदवले होते की फुप्फुसाला जबर मुका मार नसलेल्या फ्लेल चेस्टच्या रुग्णांना शस्त्रक्रियेने लवकर यंत्रापासून सुटका मिळाली आणि मुका मार असलेल्यांना ती मिळाली नाही.

मला एक रुग्ण आजही आठवतो. चाळिशीतला माणूस, उजव्या सहा बरगड्या मोडलेल्या, चित्रात हाडे इतकी वाकडी दिसत होती की आम्ही सगळे त्या वाकड्या हाडांवरच खिळलो. प्लेट उत्तम बसल्या. पण फुप्फुसाचा पाऊण भाग पांढरा होता आणि त्याला त्यानंतरही सोळा दिवस व्हेंटिलेटर लागला. तो वाचला, घरी गेला. परंतु त्या शस्त्रक्रियेने त्याचा एकही दिवस वाचला नाही आणि त्याच्या कुटुंबाला तर आम्ही दिवस वाचतील असे सांगितले होते. आपला शब्द खरा ठरला नाही, ही खंत माझ्याकडे राहिली आहे. तेव्हापासून हाडाच्या चित्राआधी फुप्फुसाचे चित्र पाहण्याची सवय मी सोडलेली नाही.

बऱ्याच रुग्णांत अर्थातच दोन्ही इजा थोड्याथोड्या असतात आणि तिथे वेळेचे गणित महत्त्वाचे ठरते. शस्त्रक्रिया करायची तर ती पहिल्या तीन दिवसांच्या आत झालेली बरी, असे आज बहुतेक जाणकार मानतात. पुढे सूज वाढते, सांडलेले रक्त गोठून चिकटते, हाडांच्या टोकांभोवती मऊ गाठ धरू लागते आणि टोके जुळवणे कठीण जाते. दुसऱ्या बाजूला व्हेंटिलेटरवरचा प्रत्येक दिवस न्यूमोनियाचा धोका वाढवतो. कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या पाच दिवसांत हा धोका दिवसाला सुमारे ३ टक्के असल्याचे दिसले होते. सुटा तुकडा निसर्गतः घट्ट होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून “आणखी दोन दिवस पाहू” असे कोणी म्हटले, तर त्या दोन दिवसांत नेमके काय पाहणार आणि ते दिसले नाही तर पुढे काय करणार, हे त्याच वेळी ठरले पाहिजे. नुसते थांबत राहिले आणि आठव्या दिवशी शस्त्रक्रियेचा विचार सुरू झाला, तर दोन्ही मार्गांचे तोटेच पदरात पडतात.

शस्त्रक्रियेत काय करतात तेही समजून घ्या. मोडलेल्या भागावर त्वचेला छेद देऊन पाठीचा आणि बगलेखालचा मोठा स्नायू शक्यतो न कापता बाजूला सारतात. बरगडीच्या खालच्या कडेने नस आणि रक्तवाहिन्या जातात, त्यांना धक्का न लावता हाडाची टोके जुळवतात आणि बरगडीच्या बाकाप्रमाणे वळवलेली टायटेनियमची पातळ प्लेट दोन्ही बाजूंना सहसा तीन-तीन स्क्रूंनी पक्की करतात. बरगडी पातळ असते, म्हणून तिची जाडी मोजून तेवढ्याच लांबीचा स्क्रू घालावा लागतो. सगळ्या बरगड्या सांधण्याची गरज नसते. पहिल्या दोन खोल असतात आणि त्यांच्याजवळून मोठ्या रक्तवाहिन्या जातात, शेवटच्या दोन श्वासाच्या कामात फारशा येत नाहीत. बहुधा तिसरी ते दहावी या टप्प्यातल्या सरकलेल्या बरगड्या सांधतात. मणक्याला अगदी खेटून मोडलेली बरगडी बहुधा तशीच सोडतात. छातीत गोठलेले रक्त साचले असेल तर ते त्याच वेळी धुऊन काढता येते आणि हा फायदा पुष्कळदा हिशेबात धरला जात नाही. धोके असे: जंतुसंसर्ग, रक्तस्राव, स्क्रू ढिला होणे, प्लेट तुटणे. अनुभवी हातांत ते थोड्याच रुग्णांत होतात, पण छातीच्या नळीवाटे पू येत असेल किंवा अंगात इतरत्र संसर्ग असेल तर परकी वस्तू बसवणे धोक्याचे. डोक्याला गंभीर इजा असेल, रक्तदाब औषधांवर तोलला असेल किंवा मणका अस्थिर असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात किंवा करतच नाहीत. डोक्याच्या इजेमुळे बेशुद्ध असलेल्या रुग्णाला व्हेंटिलेटर तसाही लागणारच असतो. प्लेटने तो लवकर निघत नाही. तुमच्या वडिलांना डोक्याची इजा नाही, ही जमेची बाजू आहे.

आता शस्त्रक्रियेविना उपचारांविषयी. “नुसते ठेवणे” असा त्याचा अर्थ घेतला, तर ते उपचार फसणारच. त्यासाठी लागणारी मेहनत शस्त्रक्रियेपेक्षा कमी नसते. ती फक्त अनेक हातांत आणि अनेक दिवसांत विभागलेली असते. पहिले काम वेदनाशमनाचे. पॅरासिटामॉल ठरावीक वेळेला, दुखो वा न दुखो, दिलेच पाहिजे. मूत्रपिंडे ठीक असतील तर सूज उतरवणारी औषधे काही दिवस देता येतात. मॉर्फिन किंवा फेंटानिल लागते, पण त्यावरच भिस्त ठेवली तर रुग्ण गुंगीत राहतो, खोकत नाही आणि कफ साचतो. म्हणून मोडलेल्या बाजूच्या नसा बधिर करणे हा मला सर्वांत मोलाचा उपाय वाटतो. पाठीच्या वरच्या भागात एपिड्युरलची, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बसणारी, बारीक नळी घालून थेंबाथेंबाने औषध सोडता येते. मणक्याला इजा असेल, रक्तदाब घसरलेला असेल किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर ती टाळावी लागते. गेल्या दहा वर्षांत सोनोग्राफीच्या मदतीने पाठीच्या स्नायूंच्या थराखाली औषध सोडण्याची पद्धत रुळली आहे. २०१६ साली वर्णन झालेला हा ब्लॉक, म्हणजे नसा बधिर करण्याचे इंजेक्शन, आज अनेक भूलतज्ज्ञ सहज देतात आणि एपिड्युरल जमत नसलेल्या रुग्णांनाही तो बहुधा देता येतो. व्हेंटिलेटर काढण्याच्या प्रयत्नाआधी असा ब्लॉक दिला आहे का, हे आवर्जून विचारा. वेदना न शमवता केलेला प्रयत्न फसला आणि त्यावरून भिंतीला दोष दिला, तर तो निष्कर्ष कच्चा राहतो.

दुसरे काम फुप्फुस उघडे ठेवण्याचे. रुग्णाला उठवून बसवणे, दिवसातून दोनदा खुर्चीत आणणे, छातीच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट येणे, गरज पडल्यास दुर्बिणीने कफ ओढणे. आपल्याकडे बहुतेक रुग्णालयांत तीन चेंडूंचे स्पायरोमीटर देतात आणि रुग्ण जोरात ओढून तिन्ही चेंडू क्षणभर वर उडवतो, घरचे खूश होतात. ते यंत्र हवेचा वेग दाखवते, किती हवा आत गेली ते नाही. म्हणून एकच चेंडू उचलून तो तीन-चार सेकंद वर तरंगता ठेवायला सांगा. तासातून दहा वेळा केलेला तो लांब श्वास अधिक कामाचा असतो. खोकताना दुमडलेली उशी मोडलेल्या बाजूला घट्ट दाबून धरावी. छातीला पट्टा आवळून बांधू नये. गावाकडून कोणी हाडवैद्याचा लेप आणि पट्टी आणेल, औषधाच्या दुकानात बरगडीचा रुंद पट्टाही मिळतो. दोन्हींनी वेदना जरा कमी वाटते, पण फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो आणि तिथेच न्यूमोनिया धरतो. सलाइन मोजून देणे आणि नाकातोंडावाटे वेळेवर पोषण देणे हेही याच उपचाराचे भाग आहेत; अर्धपोटी ठेवलेल्या रुग्णाचे श्वासाचे स्नायू आठवड्यात क्षीण होतात.

वयाचा मुद्दा निराळा मांडतो. सिएटलमधल्या २०००च्या एका गाजलेल्या अभ्यासात पासष्ट वर्षांवरील रुग्णांमध्ये मोडलेल्या प्रत्येक वाढीव बरगडीमागे मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा २७ टक्क्यांनी वाढलेला आढळला होता. तुमचे वडील त्या उंबरठ्यावर आहेत. वय जास्त आहे म्हणून शस्त्रक्रिया नको, असे पूर्वी सर्रास म्हणत; माझा अनुभव तसे सांगत नाही. तरुण माणूस सुट्या तुकड्यासह दहा दिवस झगडू शकतो, म्हाताऱ्या माणसाला तेवढा साठा नसतो. त्यामुळे भिंतीचाच दोष असेल, तर वय हे लवकर निर्णय घेण्याचे कारण ठरते. हाडे ठिसूळ असतील तर स्क्रूची पकड कमी पडते, हे मात्र शल्यचिकित्सकांनी आधी पाहिले पाहिजे. पूर्वी बिडी किंवा सिगारेट ओढत असतील, दमा असेल, तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. धूम्रपानाने आधीच कमजोर झालेल्या फुप्फुसाला मोडलेली भिंत अधिक महागात पडते.

खर्चाविषयी बोलायला संकोच वाटू देऊ नका. प्लेटचा खर्च नगावर असतो, म्हणून किती बरगड्या सांधणार आणि एकूण किती प्लेट लागणार हे आधी लेखी घ्या. त्याच्या दुसऱ्या पारड्यात आयसीयूच्या एका दिवसाचा खर्च आणि वाचू शकणारे दिवस मांडून पाहा. तनाकांच्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटाचा एकूण खर्चही कमी भरला होता. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्रांना भेटून ही शस्त्रक्रिया आणि तिच्या प्लेट योजनेत बसतात का, याची खात्री शस्त्रक्रियेआधीच करून घ्या, नंतर नाही.

उद्या सकाळी दोन्ही डॉक्टरांना एकाच वेळी, एकाच ठिकाणी भेटण्याची विनंती करा आणि चार गोष्टी विचारा. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाचा किती भाग दुखावलेला आहे आणि कालच्या व आजच्या एक्स-रेत तो वाढतो आहे की निवळतो आहे? आज किती टक्के ऑक्सिजन लागतो आहे? चांगला ब्लॉक देऊन, झोपेची औषधे थांबवून, यंत्राचा आधार कमी करून पाहिला का, आणि तेव्हा छाती उलटी हलली का? या शल्यचिकित्सकांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? शेवटचा प्रश्न उद्धटपणाचा नाही. बरगडी सांधणे हे सगळीकडे रोज होणारे काम नाही आणि चांगला शल्यचिकित्सक त्याचे उत्तर सरळ देतो. अनुभव नसेल, तर अनुभवी शल्यचिकित्सकांना बोलावणे किंवा रुग्ण स्थिर असल्यास मोठ्या केंद्रात हलवणे, दोन्हींचा विचार होऊ शकतो. मात्र व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला हलवताना छातीची नळी चिमटा लावून बंद करू नये, हे रुग्णवाहिकेत सोबत असणाऱ्यांना स्पष्ट सांगा. साठणारी हवा बाहेर पडायला वाट राहिली नाही तर वाटेतच जिवावर बेतते.

तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून, रुग्णाला न तपासता, मी इतकेच म्हणेन: चार बरगड्या दोन ठिकाणी मोडलेल्या, डोके सुरक्षित, वय साठीपुढचे, व्हेंटिलेटर धापेमुळे लागलेला आणि अपघाताला जेमतेम तीन दिवस. ऑक्सिजनची गरज चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरली असेल आणि आधार कमी केल्यावर छाती आत दबत असेल, तर माझे मत शस्त्रक्रियेच्या बाजूने पडेल आणि ती उद्या-परवाच्या आत व्हावी असे मी सांगेन. ऑक्सिजन साठ टक्क्यांच्या वर लागत असेल आणि एक्स-रे बिघडतच असेल, तर मी अठ्ठेचाळीस तास थांबेन, रोज दोनदा तपासेन आणि शल्यचिकित्सकांना रोज खाटेशी बोलावेन.

कोणताही मार्ग घेतला तरी पुढचे दोन-तीन महिने कुशीवर वळताना, शिंकताना दुखणारच. प्लेट बसवल्यावर ते कमी होऊ शकते, नाहीसे होत नाही. प्लेट सहसा काढावी लागत नाही आणि टायटेनियमची असल्यामुळे पुढे एमआरआय करायलाही सहसा अडचण येत नाही. नळी निघून वडील बोलू लागले, की पहिल्या दिवसापासून एक उशी खाटेवर डाव्या हाताशी ठेवा आणि दर तासाला त्यांना ती छातीशी धरून मोठा श्वास घेऊन खोकायला सांगा. रात्रीसुद्धा, जागे असतील तेव्हा.